हरणाऱ्याचा पहिला पेला

"हे कोणी केलं?" डार्काने विचारलं.

भिंतीवरच्या तक्त्यावर रविवारच्या पहिल्या सामन्यासमोर दोन नावं होती. वर डार्का कोझाक, खाली स्टेफ्का मेल्निक.

"चिठ्ठ्या टाकल्या ना," रिंकचा नवा सेक्रेटरी ग्रँट म्हणाला. तोंडात अर्धा डोनट. "टोपीत, सगळ्यांसमोर. का गं, काय झालं?"

"काही नाही."

काही नाही म्हणे. झोरिया गावातलं शेंबडं पोरही सांगेल काय झालंय ते. गावच्या कर्लिंग स्पर्धेत, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळात, या दोघी बहिणी सात वर्षं एकमेकींसमोर आल्या नव्हत्या, आणि ती काही देवाची कृपा नव्हती. जुना सेक्रेटरी ऑर्व्हिल टोपीत हात घालायचा तेव्हा एक चिठ्ठी अंगठ्याखाली दाबून धरायचा. सगळ्यांना दिसायचं, कोणी बोलायचं नाही. यंदा ऑर्व्हिल विनिपेगला वृद्धाश्रमात आणि हा ग्रँट गावात नवा. प्रामाणिक माणूस. असल्यांमुळेच घोळ होतात.

"बदलू का?" ग्रँटने विचारलं.

"नको," डार्का म्हणाली. आणि ती इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच कसंतरी झालं.

जिन्याच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. चार बायका, मध्ये देशाचा कप, कपावर डार्काचा हात. गावात बर्फाच्या पट्ट्या दोनच, छत गळकं, आणि तरी सगळ्या देशाला हरवून आलेली कप्तान याच गावची. अठ्ठावन्न वर्षांची झाली आता. सोमवार ते शुक्रवार शाळेची बस चालवते. कप आणला त्याच्या पुढच्याच सोमवारीसुद्धा चालवली होती, आणि मागच्या बाकावर एक पोरगा ओकला होता, तेही तिनेच पुसलं.

फोटोत स्टेफ्का नाही.

लहानपणी गोठ्यामागच्या डबक्यावर दोघी खेळायच्या. दगड कुठून आणणार? जॅमचे रिकामे डबे पाण्याने भरायचे, वर तारेची कडी घालून गोठवायचे, झाले दगड. डार्का सोडायची आणि स्टेफ्का पुढे झाडू मारत धावायची. झाडूने बर्फ घासला की दगड लांब जातो, सरळ जातो. कमरेत वाकून, जीव खाऊन घासावं लागतं. स्टेफ्का चार वर्षांनी मोठी, तरी घासायची तीच. तुला सोडायचाय का एकदा, असं डार्काने कधी विचारलं नाही. डोक्यातच आलं नाही.

मग डबे जाऊन खरे दगड आले, गावची स्पर्धा आली, प्रांताची आली. कप्तान पलीकडच्या टोकाला उभी राहून ओरडणार, शेवटचे दगड सोडणार, पेपरात फोटो तिचाच. आणि दगडापुढे वाकलेली ती टोपी, ती स्टेफ्का. कुठेही जा. ब्रँडनचं पडकं मोटेल असो, सस्कॅटूनचा मोठा हॉल असो. खोली एक, पलंग दोन, आणि रात्री भिंतीकडे तोंड करून स्टेफ्काचं ठरलेलं वाक्य: "झोप आता, उद्याचा दगड उद्या."

मग स्टेफ्काचा खांदा गेला. एकदम नाही, हळूहळू. दगड बर्फावरच्या वर्तुळांमधल्या टिकलीपर्यंत पोचेनात, वितीवितीने मागे राहायला लागले. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. डार्काला कळलं. विनिपेगची एक चोवीस वर्षांची पोरगी मोकळी होती, दंड असे की बैल उचलेल. एप्रिलमध्ये डार्काने स्टेफ्काला फोन केला.

फोन! गाडीने पाच मिनिटांवर घर. वाटेत रेल्वेचं फाटकसुद्धा नाही. तरी फोन केला.

"यंदा आम्ही दुसरी मुलगी घेतोय," ती म्हणाली होती. 'आम्ही' म्हणाली होती.

पलीकडे थोडा वेळ रेडिओवरचे गव्हाचे भाव ऐकू आले. मग स्टेफ्का म्हणाली, "बरं. माझे हात पिठाचे आहेत, ठेवते."

तेव्हापासून एक शब्द नाही.

त्याच वर्षी कप आला. शेवटचा दगड टिकलीवर थांबला तेव्हा डार्काने हात वर केले आणि सवयीने डावीकडे वळली. तिथे ती पोरगी, च्युइंगम चघळत. चांगली होती बिचारी. तिने मिठी मारली, डार्काच्या बरगड्या मोडायच्या राहिल्या.

स्टेफ्काची नात रोज सकाळी डार्काच्या बसमध्ये चढते. फाटकापाशी स्टेफ्का उभी असते, हात हलवते. नातीला. डार्का दार लावायला जरा उशीरच करते. मागून पोरं ओरडतात, "दार लाव ना! गोठलो आम्ही!"

*

आता रीत अशी की सामना संपला की दोन्ही संघ वर, काचेमागच्या बारमध्ये, एकाच टेबलाशी बसतात. जिंकणारा हरणाऱ्याला पहिला पेला पाजतो. कप्तान कप्तानाला. नुसता आणून आदळायचा नाही, समोर उभं राहायचं, नाव घ्यायचं, आणि विचारायचं: काय घेणार? यातून सुटका नाही. घटस्फोटाची केस चालू असताना नवऱ्याने बायकोला विचारलंय इथे. नाही विचारलं तर पुढच्या वर्षी त्या माणसाबरोबर कोणी खेळत नाही.

डार्का जिंकली तर डार्का विचारणार, आणि स्टेफ्का म्हणणार, काही नको. आईला पुरलं त्या दिवशीही 'काही नको' म्हणाली होती, आणि तेसुद्धा डार्काला नाही, तिच्या हातातल्या ताटाला.

पण स्टेफ्का जिंकली तर?

मग स्टेफ्काला यावं लागेल. समोर उभं राहून 'डार्का' म्हणावं लागेल.

बस. एवढंच हवं होतं तिला. कप्तान म्हणून जन्मभर ओरडली, सगळा बर्फ दणाणून सोडला, आणि आता तिला फक्त कोणीतरी आपलं नाव घ्यायला हवं होतं.

*

स्टेफ्काचा संघ म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायका. टिली, मिल्ड्रेड आणि आणखी एक ठेंगणी. वय सगळ्यांचं साठीपुढे. झाडू मारता येत नाही म्हणून स्टेफ्का आता कप्तान होती, आयुष्यात पहिल्यांदा. आणि काय खेळवत होती! ओरडत नव्हती. दोन बोटं वर, म्हणजे घासा. मूठ, म्हणजे थांबा. बायका कोबीचे रोल वळावेत तितक्या शांतपणे दगड नेऊन ठेवत होत्या.

"अगं, या म्हाताऱ्या जिंकतील की!" डार्काची उपकप्तान जोआन म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग काहीतरी कर ना! कालपासून बघतेय, तुझं लक्ष कुठंय?"

लक्ष पलीकडे होतं. स्टेफ्काने जुनी लाल टोपी घातली होती. दोन कप्तान शेजारी शेजारी उभ्या राहतात तेव्हा हातभर अंतर असतं मध्ये. डार्काला तिच्या श्वासाची वाफ दिसत होती. स्टेफ्का एकदाही वळली नाही.

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. शेवटचा दगड डार्काचा. स्टेफ्काचा एक दगड टिकलीच्या मागे हातभर पडला होता. डार्काने आपला दगड त्याहून जवळ थांबवायचा, झालं. वाटेत काही नाही. असा दगड ती झोपेत सोडेल. वर काचेला नाकं लावून बसलेल्यांपैकी अर्धे कोट घालायला उठलेसुद्धा.

डार्का पट्टीच्या अलीकडच्या टोकाला वाकली. दगडाच्या मुठीवर हात ठेवला. पलीकडच्या टोकाला जोआन झाडू उभा धरून निशाण दाखवत होती, आणि तिच्या मागे लाल टोपी.

जरासा जोर जास्त, तिने ठरवलं. टिकली ओलांडून जाईल, मागे निघून जाईल. होतं असं कोणाचंही. वय झालंय.

तिने पाय मारला, घसरत निघाली, आणि दगड सोडला.

सोडताक्षणी जोआन किंचाळली, "घासू नका! झाडू वर! जोरात आहे!" झाडूवाल्या दोघी नुसत्या बाजूने धावत राहिल्या. डार्का गुडघ्यावर बसून बघत होती. ठरवल्यासारखंच झालं होतं, आणि तरी पूर्ण नाही. शेवटच्या क्षणी तिच्या हाताने ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षांची सवय त्या हाताची, जोर काढून घ्यायचीच. थोडा काढून घेतलाच त्याने.

दगड टिकलीशेजारून गेला आणि टिकलीवरून जाणारी आडवी रेषा ओलांडून मंदावायला लागला.

आता त्या रेषेपलीकडे समोरच्या कप्तानालाही झाडू मारायची परवानगी असते. आलेला दगड घासून पुढे पळवायचा, वर्तुळांबाहेर काढायचा. दोनचार फटके पुरे होते. दुखऱ्या खांद्यानेही जमले असते.

"मार, स्टेफ!" टिली ओरडली. "घास! घास ना गं!"

"मार की!" मिल्ड्रेड तर धावतच निघाली.

स्टेफ्काने दगडाकडे पाहिलं. मग मान वर करून सगळ्या पट्टीच्या लांबीवरून डार्काकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा. झाडू तिने बर्फावर उभा टेकवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, बस थांब्यावर माणूस छत्रीवर ठेवतो तसे.

दगड तिच्या पायाशी थांबला. स्टेफ्काच्या दगडाहून टिकलीला जवळ. मोजायची गरज नव्हती.

डार्का जिंकली.

"काय झालं गं?" टिली धापा टाकत म्हणाली. "खांदा दुखला का?"

"हो," स्टेफ्का म्हणाली. "खांदा."

हातमोजे काढून सगळ्यांनी हात मिळवले. स्टेफ्का शेवटी डार्कासमोर आली. तिचा हात गार होता आणि खडबडीत.

"निसटला माझ्या हातून," डार्का घाईने म्हणाली.

"दुसऱ्या कोणाला सांग." स्टेफ्काचा आवाज खाली होता. "जन्मभर तुझ्या दगडापुढे वाकलेय मी. तुझ्या हातून काय सुटलं ते मला पाठीने कळतं. हरव मला, नाहीतर हार. पण भीक घालू नकोस, डार्का."

डार्काच्या कानात एकच गोष्ट घुमत होती. नाव घेतलं. चिडून का होईना, घेतलं.

*

वर टेबलाशी आठ खुर्च्या. सात भरल्या. डार्का उभी होती. स्टेफ्काने कोट काढला नव्हता.

"स्टेफ्का," डार्का म्हणाली. फारच हळू आलं, म्हणून पुन्हा म्हणाली. "स्टेफ्का, काय घेणार?"

टिलीचा काटा बशीवर तसाच थांबला.

"राय व्हिस्की," स्टेफ्का म्हणाली. "बर्फ नको. बर्फ पुष्कळ बघितला आज."

मिल्ड्रेड फिस्सकन हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि एकदम बोलायला लागल्या, सुनांवर, डिझेलवर, ग्रँटच्या डोनटवर. डार्का पेला घेऊन आली आणि समोर बसली. गोंगाटाखालून बोलता येत होतं.

"तू जिंकली असतीस तर तुला विचारावं लागलं असतं मला," ती म्हणाली. "काय घेणार म्हणून."

स्टेफ्का पेल्याकडे बघत राहिली. "त्यासाठी?"

"त्यासाठी."

"वेडी आहेस."

"असेन."

"एवढंच होतं तर दारात येऊन उभं राहायचं. रोज तर थांबतेस बस घेऊन."

"धीर नाही झाला. फोन करणार होते एकदा."

"हो, फोन," स्टेफ्का म्हणाली. "फोन तुला छान जमतो."

ते बसलं. जिथे बसायचं तिथेच बसलं. डार्काने मान खाली घातली. माफ कर म्हणायचं तिने कितीदा तोंडात घोळवलं होतं, बस चालवताना, भांडी घासताना, आणि आता ते इतकं लहान वाटलं की म्हणवेना. तिने टेबलाची कड धरली.

"मी यायला हवं होतं," ती म्हणाली. "घरी. तेव्हा."

स्टेफ्काने एक घोट घेतला. खुर्ची थोडी वळवून ती काचेतून खाली बघायला लागली. डार्कानेही आपली खुर्ची वळवली. खाली पुढचा सामना सुरू झाला होता, कुठल्यातरी लांबच्या गावचे दोन संघ, कोणी ओळखीचं नाही. एका तरुण पोराने दगड सोडला. काचेमुळे आवाज येत नव्हता. दगड नुसता सरकत होता, आणि त्याच्यापुढे दोघं वाकून घासत होते.

"कमी आहे," स्टेफ्का हळूच म्हणाली. कोणाला म्हणाली, तिलाच ठाऊक.

"पोचेल," डार्का म्हणाली.

"नाही पोचायचा."

दोघी बघत राहिल्या. घासणाऱ्यांची डोकी वरखाली होत होती. दगड हळू झाला, आणखी हळू झाला, आणि रेषेच्या अलीकडे थांबला. पोराने हात कमरेवर ठेवले.

पलीकडच्या संघाची पोरगी पुढचा दगड पुसत होती, सावकाश. टिली आणि मिल्ड्रेड उठून गेल्या. स्टेफ्काचा पेला रिकामा झाला होता आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. पण ती अजून उठली नव्हती.