साहेबांची प्रार्थनेची खोली

तो जाऊन महिना झाला नाही, तोच पक्षाचा चिटणीस घराचं स्मारक करायला हजर. बूट-छत्र्या टाकायची अंधारी खोली होती ना आमची, तिथे त्याने मखमली आसन घातलं आणि दारावर पितळी पाटी ठोकली, 'साहेबांची प्रार्थनेची खोली'. मला हसावं की रडावं कळेना. त्या खोलीत साहेब जन्मात एकदा वाकले असतील, तेही हरवलेली चप्पल शोधायला.

"आणि हे स्वयंपाकघर उद्या पाडतोय," चिटणीस म्हणाला. "इथे तिकिटाची खिडकी येईल. तुम्हीही सामान हलवा आता, डॉक्टरबाई."

"मी नाही हलणार."

"अहो, पण राहणार कोण म्हणून?"

कोण म्हणून! मी दातांची डॉक्टर. ज्याच्यापुढे अख्खा देश तोंड उघडायला घाबरायचा, तो माझ्या खुर्चीत आ वासून बसला होता, ती आमची पहिली भेट. दाढ निघाली, पण स्वारी यायची थांबेना. शेवटी मीच मागच्या दाराने इथे राहायला आले. लग्नाचा विषय काढला की पक्ष आडवा. त्यांचा साहेब ब्रह्मचारी, देशाशी लग्न लागलेला! आणि तोही मूग गिळून गप्प बसला. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण म्हणून मी नव्हतेच, असं कुणी म्हणून तर बघावं.

देव मी मानत नाही. तो मात्र मनापासून मानायचा. कॅमेऱ्यापुढे डोळे मिटायचा तेव्हा मनात भाषण जुळवत असायचा, हे त्यानेच सांगितलेलं. खरी प्रार्थना व्हायची ती इथे, या ओट्यापाशी, सकाळचं दूध तापेपर्यंत. मी मुद्दाम भांडी आपटायचे. "अगं, देवाला बहिरं करशील," म्हणायचा. दूध उतू गेलं की खापर देवाच्या माथी.

मी हटत नाही म्हटल्यावर चिटणिसाने साहेबांच्या थोरल्या बहिणीला आणलं. इतकी वर्षं ती आली की मी मागच्या खोलीत कडी लावून बसायचे. काठी टेकत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाई, अब्रूनं जा," ती म्हणाली. "माझा भाऊ देवमाणूस होता. त्याच्या नावाला डाग लावू नकोस."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "डाग? वन्सं, तुमचा भाऊ रोज इथे उभा राहून सगळ्या देशासाठी मागायचा आणि शेवटी म्हणायचा, देवा, त्या लंगड्या शेळीचा पाय बरा कर. साठी उलटली तरी! कुठली शेळी विचारलं की लाजायचा. हे मांडणार आहात का त्या बुटांच्या खोलीत?"

'वन्सं' तोंडातून निघून गेलं ते गेलंच. परत घ्यायचं माझ्या मनात आलं नाही.

"शेळी!" चिटणीस फिसकन हसला. "काहीतरीच."

बहीण हसली नाही. काठी भिंतीला टेकवून ती खुर्चीत बसली. त्याच्याच खुर्चीत.

"ती मेली तेव्हा तो एवढासा होता," ती म्हणाली. "मला सांगवेना. म्हटलं, पाय बरा झाला की येईल परत, तू देवाकडे मागत राहा. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं हे. मला वाटलं, विसरला असेल." तिने पदराने डोळे पुसले. "मेला, विसरलाच नाही."

"ताईसाहेब, उद्या मजूर यायचेत," चिटणीस म्हणाला.

"त्यांना सांग, ही भिंत पडणार नाही. तिकिटं त्या बुटांच्या खोलीत विक."

"आणि या बाई? या राहणार कोण म्हणून?"

"मला वन्सं म्हणाली, ऐकलं नाहीस? मग कोण असेल? चल, नीघ."

तो पाय आपटत गेला. मी दूध गॅसवर ठेवलं. तिने हात जोडले आणि अवघडून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही मागा, वन्सं," मी म्हटलं. "मी काही डोळे मिटणार नाही. पण आज भांडी आपटणार नाही."