सफरचंदावरची चमक

सफरचंदाच्या गालावर तिनं त्या सकाळी सहाव्यांदा चमक चढवली, आणि तिला मळमळलं. अगदी खरोखरचं मळमळलं; पेन बाजूला ठेवून ती पाणी प्यायली. फळ असं दिसलं पाहिजे की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, असा साहेबांचा हुकूम होता. दोन वर्षं ती एका कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी अशीच फळं काढत होती. तीन सारखी फळं एका ओळीत आणली की ती फुटायची, रस उडायचा, वरून सोनेरी चांदण्या पडायच्या. ब्राउझर उघडून फुकटात, कामाच्या मधे चोरून खेळायचा हा खेळ. आता घरात कुणी फळं कापायला घेतली तरी ती तिथून उठून जायची.

शेजारच्या टेबलावर खेळाचा प्रोग्रामर बसायचा. ऑफिसात त्याला सगळे चौकोन्या म्हणत. खेळ तपासताना तो फळांऐवजी राखाडी चौकोन वापरायचा. सफरचंदासाठी 'स', द्राक्षांसाठी 'द', इतकंच. खेळायला एवढं पुरतं, चित्रं म्हणजे नुसता वरचा मुलामा, असं त्याचं ठाम मत. त्यावरून दोघांची रोज जुंपायची. तुझ्या चौकोनांपाशी कुत्रंही फिरकणार नाही, असं ती सुनवायची आणि तो गालातल्या गालात हसायचा.

आज मात्र तो हसत नव्हता. अकराच्या सुमारास पांढराफटक चेहरा करून तो तिच्याजवळ आला. सकाळी खेळाची नवी आवृत्ती चढवताना त्याच्या हातून चुकून तपासणीचीच आवृत्ती गेली होती. तीन तास झाले, खेळणाऱ्यांना फळांच्या जागी राखाडी चौकोन दिसत होते.

दोघं साहेबांच्या खोलीत गेले. साहेब आकाशपाताळ एक करतील असं तिला वाटलं होतं, पण ते निवांत स्क्रीनकडे बघत होते. सकाळपासून बारा तक्रारी आल्या होत्या. बाराच्या बारा जाहिरातींबद्दल: त्या बंद करायची फुली फार बारीक आहे म्हणून. फळं कुठे गेली असं एकानंही विचारलं नव्हतं. माणसं रोजच्याइतकीच येत होती आणि रोजच्याइतकाच वेळ खेळत होती.

"उद्या सकाळपर्यंत राहू दे असंच," साहेब म्हणाले. "तोवर कुणी फळांचं नाव काढलं नाही, तर चित्रकार ठेवायचा की नाही ते बघू."

हे त्यांनी तिच्याकडे न बघता, चहाचा घोट घेत सांगितलं. तिला त्यांची किळस आली. सहा वेळा चमक चढवायला लावणारा हाच माणूस. मग खेळणाऱ्यांची आली. समोर काय ठेवलंय ते न बघता बोटं चालवणारे लोक. दगड ठेवले असते तरी त्यांनी ओळी लावल्या असत्या. जागेवर येऊन ते अर्धवट सफरचंद पाहिलं, तेव्हा सगळ्यात जास्त किळस स्वतःची आली. इतकं तुपकट, लाळघोटं फळ तिनं आपल्या हातानं काढलं होतं, आणि दोन वर्षं त्याच्या बाजूनं भांडलीही होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर खेळत होते. तीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे, एकेका अक्षराचे ठसे, जुळवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून ते लेकीचा खेळ रोज खेळायचे आणि ती आली की तिच्या फळांचं तोंड भरून कौतुक करायचे. आज ते काय म्हणतील, या धास्तीनं ती दारातच थांबली.

"ये," बाबा मान न वळवता म्हणाले. "आज खरी कमाल केलीस तू."

"कसली?"

"अगं, हे खिळे. मला आधी सांगायचं तरी. रंगसुद्धा शिशाचाच घेतलास. 'स' कुठे, 'द' कुठे, हात आपोआप जातोय. दुपारी जेवायलासुद्धा उशीर केला मी."

ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. स्क्रीनवर चौकोन्याचे ओबडधोबड चौकोन होते आणि बाबांचं बोट झरझर चालत होतं. इतकं रमलेलं तिनं त्यांना निवृत्तीनंतर कधी पाहिलं नव्हतं.

"आणि फळं?" तिनं विचारलं. "ती आवडायची ना तुम्हाला?"

बाबांचा हात थांबला. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"तू काढायचीस म्हणून बघायचो," ते म्हणाले. "खरं सांगू? ती चमक डोळ्यात खुपायची. जराशी शिसारीच यायची. पण तुला कसं सांगणार?"

ती काही बोलणार तेवढ्यात चौकोन्याचा फोन आला. आपल्या चुकीनं हिची नोकरी जाणार म्हणून तो दिवसभर कासावीस होता. त्यानं तोड काढली होती. फळं परत आणा, अशा पाचसहा तक्रारी वेगवेगळ्या नावांनी तोच लिहिणार होता. साहेबांना पत्ताही लागला नसता. तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

तिनं बाबांच्या पाठीकडे पाहिलं.

"एकच लिही," ती म्हणाली. "फळं परत आणू नका. बघून शिसारी येते."

चौकोन्यानं तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"खाली नाव कुणाचं घालू?"

"माझं."

फोन ठेवून तिनं स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी बसली. दोन वर्षांत तिनं हा खेळ एकदाही शेवटपर्यंत खेळला नव्हता.

"तो कोपऱ्यातला 'द' वर घ्या," ती म्हणाली.