नुसत्या पाण्याची नळी

माझी सून विषाणू शोधते. लोकांच्या सुना काय दिवे लावतात ते मला नका सांगू, आधी माझ्या सुनेचं ऐका.

लग्न होऊन आली तीच हा ध्यास घेऊन. कुठे ताप पसरला की ही बॅग उचलून चालली. आजाऱ्यांचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून आणायची आणि मग दिवसच्या दिवस प्रयोगशाळेत. माझा मुलगा म्हणायचा, "आई, हिला भेटायचं तर आपल्यालाच ताप यायला हवा." नातवंडं मी सांभाळली, आणि हौसेनं सांभाळली.

तिची एक खोड मात्र जगजाहीर होती. आजाऱ्यांच्या नमुन्यांबरोबर मशीनमध्ये नुसत्या पाण्याचीही नळी घालायची असते. बाकीचे एक घालून मोकळे होतात, ही प्रत्येक रांगेत एक घालणार. मी एकदा विचारलं, "अगं, पाण्याला कसला आलाय ताप?"

"आई, पाण्यात काही सापडायलाच नको. सापडलं तर समजायचं, घाण आपल्या घरची आहे, आजाऱ्याची नाही."

त्या वर्षी लहान मुलांमध्ये मेंदूत जाणारा ताप आला. पोरं बेशुद्ध होऊन दवाखान्यात यायची. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना, म्हणून डॉक्टर बिचारे अंदाजानं एक जुनं औषध देत होते. शेवटी सूनबाईच्या गटाला त्या नमुन्यांत अगदी नवा विषाणू दिसला. जगात कोणी न पाहिलेला! त्यांचे मोठे साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर हीच बसणार, हे ठरल्यातच जमा होतं. पत्रकार बोलावले, आम्हाला पहिल्या रांगेत जागा ठेवली. मी नवे कपडे शिवून घेतले.

त्याच सकाळी ही शेवटची एकदा, आधीपेक्षा बारीक तपासणी करायला गेली, आणि आजवर स्वच्छ निघालेल्या पाण्याच्या नळ्यांतही तोच विषाणू निघाला.

सभागृहाच्या दारातच साहेबांनी तिला गाठलं. मी शेजारीच उभी होते.

"अहो मॅडम, थेंब उडाला असेल एखादा. आज जाहीर करू, मग निवांत बघा."

"सर, नवा विषाणू म्हटलं की ते जुनं औषध बंद होईल. ते लागू पडत असलं तर? मुलांशी खेळ नको."

"आणि तुमच्या खुर्चीचं काय?"

"मी इतकी वर्षं उभ्यानंच काम करतेय, सर."

आणि गेली की ती माइकसमोर! स्वच्छ शब्दांत सांगितलं, "आम्हाला सापडलं असं वाटलं होतं, ते सापडलेलं नाही. औषध चालू ठेवा." मागून कुणीतरी खिदळलं, "पाण्याला ताप आला म्हणे!"

मी गर्रकन वळले. "दात काय काढताय? आपलं चुकलं असं चारचौघांत सांगायला छाती लागते. असेल तर उभे राहा!"

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. जाऊ दे, खड्ड्यात गेली खुर्ची. बाहेरून विकत घेतलेल्या तपासणीच्या द्रवातच खोट होती. द्रव बदलला आणि तो नवा विषाणू गायब झाला. मग हिनं पुन्हा पहिल्यापासून खणलं. निघाला जुनाच विषाणू, थोडं रूप बदललेला, म्हणून तपासण्यांना ओळखू येत नव्हता. आणि त्यावर तेच जुनं औषध चालत होतं! ते पहिल्याच दिवशी द्यायला लागले, तशी पोरं आपल्या पायांनी घरी जायला लागली.

परवा ती मला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. काचेपलीकडे एक मुलगी नळ्या लावत होती. दुसरीनं तिला विचारलं, "सासूबाई ठेवल्यास का?"

मी कान टवकारले. बघते तर काही नळ्यांवर चक्क 'सासूबाई' लिहिलेलं! सूनबाईनं जीभ चावली.

"आई, पाण्याच्या नळ्या आहेत त्या. त्या गप्प असतील तरच आमचा निकाल खरा. त्या बोलल्या की सगळं थांबवायचं. त्या दिवसानंतर मीच नाव ठेवलं. आता दुसऱ्या प्रयोगशाळांतही हेच म्हणतात."

"आणि बोलल्या तर ऐकता ना?" मी डोळे वटारून विचारलं.

"ऐकावंच लागतं. एकदा ऐकलं म्हणून तर ती मुलं घरी गेली."

मशीन सुरू झालं. मी म्हटलं, निकाल आल्याशिवाय इथून हलणार नाही. खुर्ची ओढून बसले. बऱ्याच वेळानं सूनबाईनं पडद्याकडे बघून मान हलवली. सासूबाई गप्प होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प राहिल्याचा मला एवढा अभिमान वाटला.