खुर्चीवरून दिसलेली लाल टोपी

"खुर्ची घरी राहू दे, आई."

"आणि बारा वाजता कशावर चढू? तुझ्या डोक्यावर?"

जुनं वर्ष सरताना खुर्चीवर उभं राहायचं, बाराच्या दर ठोक्याला एक बेदाणा खाऊन मनात काही मागायचं, आणि उजव्या पायाने नव्या वर्षात उतरायचं. अख्खं पोर्तू शहर हेच करतं, पण आपापल्या घरात. चौकात जाणारे एखादी पायरी, एखादा कठडा गाठतात. माझ्या आईला, फेलिश्मीनाबाईंना, स्वयंपाकघरातलीच खुर्ची लागते. बाबा होते तोवर ते खुर्चीची पाठ धरून उभे राहत. ते गेल्यापासून मी धरते.

यंदा मला बाहेर पडणं भागच होतं. वाल्देमार नदीकाठची ट्राम चालवतो, डोक्यावर कायम लाल टोपी. वाट पाहणं त्याच्या रक्तात नाही, तरी त्याने तीन वर्षं वाट पाहिली. दर वेळी मी म्हणायची, आई एकटी पडेल. नाताळात मात्र त्याचा आवाज चढला. "नेलिया, वर्ष बदलताना नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ये. आलीस तर मार्चमध्ये लग्न. नाही आलीस तर मी काय ते समजेन."

हे आईला कसं सांगणार? "चौकात आतषबाजी बघून येते," एवढंच म्हणाले. तर ती म्हणाली, "मग मीही येते," आणि पिशवीत दोन झाकणं टाकली, ठोक्यांनंतर बडवायला.

नदीकाठावरून वर चढणारी आमची गल्ली. दिव्यांना धुक्याने कापसात गुंडाळलेलं, दगड ओले, आणि खाली दोरू नदी उजेडाची वेणी माळून निवांत पडलेली. असल्या रात्री मुलीने हलक्या पावलांनी निघावं, कुणीतरी वाट बघतंय हे मनात घोळवत. मी निघाले होते डोक्यावर खुर्ची घेऊन.

"काय गं फेलिश्मीना, घर रिकामं करताय की काय?" शेजारच्या आदेलियाने खिडकीतून विचारलं.

आई थांबली. सूपमध्ये सॉसेज आधी घालायचं की नंतर, यावर दोघींचं बराच वेळ चाललं. थोडं पुढे गेलो तर आईला धाप लागली.

"ठेव खाली." ती खुर्चीवर बसली. "बघ, आणली म्हणून बरं."

"आणली नसती तर एव्हाना पोचलो असतो!"

"आतषबाजी आभाळात असते, पोरी. ती कुठे पळून जातेय?"

स्टेशनपाशी पोचलो आणि संपलंच. माणसांची भिंत. चौक समोर, नगरपालिकेचा मनोरा समोर, आणि आमची खुर्ची दर पावलाला कुणाच्या तरी बरगड्यांत. "बाई, पलंगही आणायचा होता!" एक जण ओरडला. मी फोन लावला, फोन मुका. लोक उलटे आकडे मोजू लागले.

"धर," आई म्हणाली.

काय करणार? उतारावर खुर्ची डुगडुगत होती. मी दोन्ही हातांनी पाठ धरली. माझे हात अडकलेले, म्हणून आई वरून माझ्या तोंडात एकेक बेदाणा कोंबू लागली, चिमणीने पिलाला भरवावं तशी. पहिल्या ठोक्याला मी मागितलं, ही खुर्ची मोडो. दुसऱ्याला, आता नको, आई वर आहे. पुढचे सगळे वाल्देमारवर गेले, आणि शेवटचा रडू गिळण्यात.

आभाळ फुटलं. लाल, हिरवं, सोनेरी. मी मान वर केली नाही.

"अगं, तो तुझा लाल टोपीवाला ना?"

"कोण माझा?"

"ट्रामवाला! त्या दिव्याच्या खांबाशी. गाय हरवल्यासारखा इकडेतिकडे बघतोय." आणि आईने झाकणं बडवायला सुरुवात केली. "वाल्देमार! ए वाल्देमार!"

आजूबाजूच्या पोरांना तेवढंच हवं होतं. नाव गर्दीतून पुढे पुढे गेलं: "वाल्देमार, तुझी सासू बोलावतेय!"

तो आला तेव्हा घामाघूम होता.

"पायऱ्यांवर भेटायचं ठरलं होतं," मी म्हणाले.

"निम्म्या वाटेवर लक्षात आलं, तू आईला सोडून येणार नाहीस. म्हणून तुमच्या घराकडे उतरलो." त्याने खुर्चीकडे पाहिलं. "ही मात्र माझ्या हिशेबात नव्हती."

"भांडणं नंतर!" आई वरून म्हणाली. "मी अजून जुन्या वर्षातच लटकलेय. नेलिया, सोड तू. त्याला धरू दे."

मी हात काढले. त्याने खुर्ची पोटाशी घट्ट आवळली, चालती ट्राम थांबवावी तशी. आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि उजवा पाय खाली टाकला.

परतताना खुर्ची त्याच्या डोक्यावर होती.

"मार्च नको," आई मध्येच म्हणाली. "मार्चमध्ये पावसाची रिपरिप असते. मे बघा."

"तुला मार्च कुणी सांगितला?"

"तीन वर्षं माझ्या भिंतीपलीकडे फोनवर कुजबुजतेस आणि वर विचारतेस?" ती थांबली. "ठेव रे जरा खाली. धाप लागली."