मक्यानंतरची मेथी

मंजुळाने मुळासकट उपटलेली मेथी सोसायटीच्या मीटिंगमध्ये थेट टेबलावर टाकली. पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळल्या होत्या.

"बघा. दुसऱ्यांदा पेरली, दुसऱ्यांदा जळली."

"तेच सांगतोय ना मावशी," सेक्रेटरी देवेश म्हणाला. "ती जमीन मेली. पेव्हर ब्लॉक टाकू, गाड्या लावू. विषय संपला."

मंजुळाने विक्रोळीतल्या कंपनीच्या कँटीनमध्ये जन्मभर दुसऱ्यांच्या चपात्या लाटल्या. रिटायर झाल्यावर बिल्डिंगमागचा डेब्रिजने भरलेला जमिनीचा तुकडा तिने एकेक वीट उचलून साफ केला. गेल्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिथे लावलेल्या मक्यात तण माजलं. तेव्हा देवेशनेच माळ्याकडून तणनाशक मारून घेतलं. मका झकास आला. गच्चीवर कणसं भाजली, तेव्हा तिने देवेशचे आभारही मानले होते.

उलगडा आज सकाळी बियाण्यांच्या दुकानात झाला. ते औषध मक्याला बाधत नाही, पण मातीत महिनोन्‌महिने राहतं आणि मागून पेरलेली मेथी-पालक जाळतं. त्यात माळ्याने औषध मारताना हात सैल सोडलेला.

"जमीन मराक नाय," मंजुळा म्हणाली. "आजारी आसा. तुमच्याच औषधान. जित्या माणसाक कोण पुरता काय रे?"

कुणीतरी हसलं. पेव्हर ब्लॉकचा ठराव पास झाला.

"सोड ना गं," घरी तिचा नवरा सहदेव म्हणाला. "या वयात नवीन भांडणं कशाला?"

"मगे कधी भांडू? आधी वेळ खय होतो?"

सोमवारी सकाळी ब्लॉकचा टेम्पो आला. मंजुळा तुकड्याच्या मधोमध प्लास्टिकचं स्टूल टाकून बसली होती. गुडघा अजून नीट वाकत नव्हता. थोड्या वेळाने सहदेव पुटपुटत खाली उतरला आणि तिच्या शेजारी खुर्ची मांडून बसला.

"तू इथे उन्हात, आणि मी काय वर चहा पिऊ?"

"मावशी, उठा ना यार," देवेश काकुळतीला आला. "माणसं खोळंबलीत."

"उठव माका. हात लावून उठव."

देवेश दोन पावलं पुढे आला. खिडक्यांतून बायका बघत होत्या. तो थांबला, मग फोन काढून कुणाशी तरी बोलत गेटकडे निघून गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टेम्पो माल तसाच घेऊन परत फिरला, तो पुन्हा आला नाही.

त्याच आठवड्यात मंजुळाने पुन्हा मका लावला. त्या मातीत तग धरणारं तेवढंच होतं. शेणखत घातलं, पावसाळा जाऊ दिला. थंडीत मेथी पेरली आणि ती हिरवीगार वर आली. फक्त भिंतीलगत, जिथे माळ्याने पंपातलं उरलेलं औषध ओतलं होतं, तिथली रोपं परत पिवळी पडली.

"बघा," गाडी पुसता पुसता देवेश म्हणाला, "तिथे अजून तसंच आहे."

"मगे?" मंजुळा म्हणाली.

तिने वाळलेली रोपं उपटून बाजूला टाकली, खुरप्याने ओळ थेट भिंतीपर्यंत ओढली आणि बियांची मूठ उघडली.