फुल्ल: एका शब्दावरचा संशय

मित्रांनो, मी इंग्रजीतला एक जुना शब्द आहे, ‘फुल्ल’. व्याकरणात मला विशेषण म्हणतात. माझ्या पणजोबांना कुणी पाहिलेले नाही. पंडितांनी नातवंडांची तोंडे जुळवून त्यांचे नाव ‘फुल्लाझ’ असावे असे ठरवले आणि नावाआधी एक चांदणी काढली. ती शोभेची नव्हे. ‘लेखी पुरावा नाही’ अशी ती खूण. तेव्हापासून मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. जर्मनीतला माझा भाऊ स्वतःला ‘फोल’ म्हणवतो. इकडे आला असता तर बिचाऱ्याची काय शोभा झाली असती!

मी साहेबाबरोबर आलो. देश स्वतंत्र झाला, साहेब गेला, मी राहिलो. पुढे रोह्याच्या बाजूला रसायनांच्या कंपन्या आल्या आणि लोकांनी मला आणखी एक अर्थ चिकटवला: दारू प्यालेला. मला तो मुळीच आवडला नाही.

वरसे गावचा केरू कंपनीत रात्रपाळीला होता. त्याची दारू बायकोने, रंभाने, मोठ्या कष्टाने सोडवली होती. पुन्हा प्यालास तर पोरीला घेऊन कायमची गागोद्याला माहेरी जाईन, असे तिने बजावले होते. एके दिवशी सकाळचा माणूस आलाच नाही, म्हणून केरू पुढच्या पाळीलाही थांबला. शेजारच्या पोपटने रात्रपाळी सुटून घरी जाता जाता सायकलवरूनच निरोप टाकला, “केरू आज फुल्ल हाय गो, वाट बघू नको!”

रंभाने दुपारपर्यंत वाट पाहिलीच. मग घराला कुलूप लावून ती मुलीसह रोह्याच्या स्टँडवर गेली. गागोद्याच्या वाटेची पेणची गाडी उभी होती. कंडक्टरने हात आडवा केला, “फुल्ल हाय, मागच्या गाडीनं या.” माझे नाव ऐकताच तिचा चेहरा असा झाला की मला मेल्याहून मेल्यासारखे वाटले.

तेवढ्यात घराला कुलूप पाहून केरू शोधत आला. डोळे लाल, पाय लटपटत.

“फुल्ल हायस ना?”

“व्हय गो, फुल्ल! दोन पाळ्या केल्या.”

“त्वांड उघड.”

भर स्टँडवर त्याने आ केला. तिने दोनदा वास घेतला. आला तो कंपनीचाच उग्र वास. मग ती गाठोड्यावर बसून रडली.

“हा शबूद आता घरात नाय पायजे. पुरी पाळी केली, असं म्हन.”

पंडित सांगतात की तुमचे ‘पूर्ण’ आणि ‘पुरा’ माझ्याच कुळातले. म्हणजे मला हाकलून तिने माझ्याच नातलगाला घरात घेतले!

माझी एकच विनंती, मित्रांनो. मला कुणाच्या दारात एकटा टाकून जाऊ नका. काय फुल्ल, कशाने फुल्ल, तेही सांगा. माझा अर्थ ‘भरलेला’, आणि त्या दिवशी माझ्यामुळे एक घर रिकामे होणार होते.