खोडव्याचा हात

लेकाच्या घरी, कळंब्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यापासून शांतव्वाच्या हाताला काम उरलं नव्हतं. गडहिंग्लजकडच्या गावात तिनं चाळीस वर्षं ऊस केला. तोड झाली की उरलेले बुडखे कोयत्यानं जमिनीसरशी छाटायचे, लागलीच पाट सोडायचा, आणि पंधरवड्यात खोडव्याचे कोंब भाल्यासारखे वर यायचे. शांतव्वाच्या हातचा खोडवा नव्या लावणीला मागं टाकतो, असं गाव म्हणायचं. आता तोच हात सकाळी कोथिंबीर निवडायचा आणि दिवसभर मांडीवर पडून राहायचा.

म्हणून सुनेनं, सौंदर्यानं, ती कुंडी तिच्यापुढं आणून ठेवली, तेव्हा म्हातारीची मान जराशी ताठच झाली.

झाड जेडचं. फुगीर, तुकतुकीत पानांचं. सौंदर्यानं हॉस्टेलच्या खिडकीत एका पानापासून वाढवलेलं, नऊ वर्षांचं. लग्न होऊन आली तेव्हाही कुंडी मांडीवर घेऊनच ती गाडीत बसली होती. लेक शिवप्रसाद अजून सांगायचा, "पावणं मला सोडून कुंडीलाच बघायला लागलेले." आता ते दोन हात उंच होऊन एका अंगाला कललं होतं. वाऱ्यानं दोनदा आडवं झालं होतं.

"नर्सरीवाल्याकडनं छाटून आण की," समोरच्या दारातली वर्षाराणी म्हणाली.

"नर्सरीवाला कशाला? घरात अव्वा हायत की," सौंदर्या म्हणाली. मग सासूकडं वळून, "फक्त एवढं ऐका अव्वा. कापल्यावर आठ दिवस पाणी घालायचं न्हाय. जखम सुकू द्यायची. निघालेले शेंडेबी तसेच सुकवायचे, मगच मातीत. मी पंधरा दिवसांत येतो."

बँकेच्या ट्रेनिंगला ती पुण्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी शांतव्वानं पदर खोचला. फांदीवरच्या वळ्यांवर बोट फिरवून जागा हेरली, सुरीची धार बघितली, आणि पाच शेंडे असे उतरवले की एकही पान चुरगळलं नाही. झाड सरळ उभं राहिलं. काम मनासारखं झालं होतं.

आणि मग तिनं तांब्या उचलला.

कापलेल्या जिवाला पाणी नको, हे तिच्या हाताला पटेचना. कालची पोर, पुस्तकात वाचून बोलते. चाळीस वर्षं काय आपण डोळे मिटून पाट सोडला? तिनं कुंडी काठोकाठ भरली. पाची शेंडे उसाच्या कांडीसारखे लगोलग चिखलात खोवले. रोज सकाळी आंघोळ झाली की एकेक तांब्या.

सहाव्या दिवशी शेंडे माना टाकून पडले. आठव्या दिवशी कुंडीतल्या झाडाची पानं नुसत्या स्पर्शानं गळायला लागली. तिनं बुंधा दाबून बघितला. बोट आत गेलं. शिळ्या भाजीसारखा वास आला.

शांतव्वा बाल्कनीच्या फरशीवर बसूनच राहिली. आठ दिवसांपूर्वीचं ते 'घरात अव्वा हायत की' तिच्या कानात तसंच होतं.

संध्याकाळी शिवप्रसादनं कुंडी बघितली आणि आवाज खाली आणला. "अव्वा, तसलंच एक आणतो मी. तिला काय कळतंय?"

"नऊ वर्षं वाढवलेलं कळत न्हाय व्हय?" शांतव्वा म्हणाली. "आणि दुसऱ्याच्या रानातला ऊस आजवर माझा म्हणून दाखवला न्हाय मी. फोन लाव."

फोन लागला. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "सौंदर्या, तू नको म्हटलीस तरी मी पाणी घातलं. झाड कुजलं. माझं चुकलं." हा शेवटचा शब्द तिनं नवऱ्यापुढंही कधी काढला नव्हता.

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"अव्वा," सौंदर्या म्हणाली, "वरच्या बाजूला दाबून बघा. कुठं घट्ट लागतंय का?"

"वीतभर हाय घट्ट."

"मग तेवढं वाचंल. आत तपकिरी डाग दिसतोय तोवर कापत जावा. सुरी पुसून घ्या परत्येक वेळी. तुम्हीच कापा, ह्यांच्या हातात देऊ नका."

शांतव्वानं फोन लेकाकडं दिला, डोळे पुसले आणि सुरी घेतली. पहिल्या कापाला आत काळपट कडं दिसलं. दुसऱ्याला फिकट तपकिरी. सुरी पुसून तिसरा काप घेतला, तेव्हा आत कैरीसारखं स्वच्छ हिरवं निघालं. हातात उरला वीतभर दांडा आणि चार पानं.

तो तिनं वर्तमानपत्रावर सावलीत ठेवला आणि खरी परीक्षा सुरू झाली. तांब्या दिसला की हात वळवळायचा. मग ती हात मांडीखाली दाबून त्या दांड्याशीच गुणगुणायची:

"कापलं गं बाई तुला, जखम उघडी राहू दे,
पानी मागू नगं सये, तुझं अंग तुला सुकू दे."

"झाडाला अंगाई म्हणताय व्हय?" वर्षाराणी दारातून म्हणायची.

"झाडाला कशाला? माझ्या हाताला म्हणतोय."

सौंदर्या आली तेव्हा कापाच्या तोंडावर कोरडी, पांढरट खपली धरली होती. तिनं दांडा उचलला, उलटासुलटा करून बघितला. चेहरा उतरला होता, तरी तिनं लगेच रिकामी कुंडी पुढं ओढली. वाळू जास्त, माती कमी असं कालवून दोघींनी मिळून तो लावला. त्यानंतरही आठवडाभर कोरडाच. मग कुठं दोन चमचे पाणी, आणि पुढचं पाणी माती खडखडीत वाळल्यावर. शांतव्वा माती रोज चाचपायची आणि रिकाम्या हातानं आत यायची.

पाच आठवडे झाले. एका सकाळी चष्मा लावून ती वाकली. जिथं शेंडा उतरवला होता त्याच्या खालच्या वळ्यावर दोन्ही अंगांनी मोहरीएवढे दोन हिरवे ठिपके होते. तिनं सुनेला हाक मारली नाही, नुसती हाताला धरून आणली.

सौंदर्या गुडघ्यावर बसली. बघता बघता हसायला लागली. मग उठून सरळ वर्षाराणीचं दार वाजवलं. "या, बघा. मेलेलं झाड उठवलंय आमच्या अव्वांनी. नर्सरीवाल्याला जमलं असतं का?"

वर्षाराणीनं वाकून ठिपके बघितले. "आईशप्पत. काकू, माझंबी एक जेड वाढलंय उंडग्यासारखं. ते छाटून देताय काय?"

शांतव्वा पदर सावरत उभी राहिली. मान पहिल्या दिवसासारखीच ताठ, फक्त आता तिला घाई नव्हती.

"देतो की. पण सौंदर्या, अर्धं सांगू नकोस. आधी मीच कुजवलं, मग मीच वाचवलं. दोन्ही सांग." आणि वर्षाराणीला म्हणाली, "आण जा कुंडी. आणि आठ दिवस तुझा तांब्या माझ्या घरात ठेवायचा."